लहानीचा पंखा

द्वारकाअक्कांच्या घरात नवी वस्तू आली की तिची सहजासहजी सुटका नसे. प्रेशर कुकर असो, विहिरीवरची मोटर असो नाहीतर टॉर्चचे सेल, प्रत्येकाने आधी उंबऱ्याबाहेर थांबायचं, कुंकू लावून घ्यायचं आणि मगच आत यायचं. मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होते. एकदा मी नवी छत्री घेतली. ती मिटून कोपऱ्यात ठेवण्याआधीच अक्कांनी तिच्या काळ्या कापडावर कुंकवाची बोटं ओढली. दुसऱ्या दिवशी वाटेत पावसाने गाठलं आणि मी कचेरीत पोचले ती खांद्यावर लाल ओघळ घेऊन. आमचे पोस्टमास्तर खुर्चीतून उठून उभेच राहिले. त्यांना वाटलं, मी कुठेतरी आपटले. संध्याकाळी मी साडीचा तो खांदा अक्कांपुढे धरला. त्यांनी तो नीट न्याहाळला.

"तुले कोठी लागलं का?"

"नाही."

"पडली का?"

"नाही हो!"

"मंग? काम केलं ना कुंकवानं!" असं म्हणून त्या भाकरी थापायला निघून गेल्या. ती साडी मला पुन्हा नेसता आली नाही.

मी मूळची धुळ्याची. नोकरी फैजपूरच्या टपाल कचेरीत लागली आणि जागा मिळाली ती जवळच्याच एका केळीच्या गावात. नव्वद साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. खोली पाहायला गेले तेव्हा अंगणात एक छोटा लाल ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या बॉनेटवर धुतलेलं फडकं आणि फडक्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या. ट्रॅक्टरखालून दोन पाय बाहेर आले होते आणि पाय बाईचे होते. मी खाकरले. आतून आवाज आला, "तो बारका पाना दे." मी चार पान्यांतला त्यातल्या त्यात बारका पाना दिला. तो परत बाहेर आला. दुसरा दिला, तोही आला. तिसरा मात्र आतच राहिला, आणि थोड्या वेळाने ग्रीस लागलेल्या चेहऱ्याची, पन्नाशी ओलांडलेली एक उंच बाई बाहेर निघून मला म्हणाली, "खोली तुहीच. पन बिबड्यांवर कावया बसू देऊ नको."

मी घाबरून घरच्या बोलीत, 'आहे'ला 'शे' म्हणत, विचारलं, "खोली कथी शे?"

त्यांना हसू आवरेना. "धुयेवाली हाये का व तू? तुमचं ते शे-शे आयकलं का मले वाटते कोनी शेयीले हाकलू राह्यलं!" तेव्हापासून मी त्यांची धुयेवाली झाले. माझं खरं नाव त्यांनी मी तिथून निघेपर्यंत एकदाही उच्चारलं नाही.

अक्का विधवा होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सारं गाव भाऊ म्हणे, मी येण्याआधीच गेले होते. भाऊंना केळीच्या ओळींमधून फिरेल असा छोटा ट्रॅक्टर हवा होता. त्यांनी तो घेतला, तो चालवायला अक्कांनाही शिकवलं आणि वर्षभरात स्वतः निघून गेले. मोठ्या ट्रॅक्टरांच्या त्या गावात अक्कांच्या ट्रॅक्टरला लोक खेळणं म्हणत. अक्का त्याला 'लहानी' म्हणत. घरात धाकट्या मुलीला म्हणतात तसं. "लहानीले पानी पाजलं का?" "लहानी आज खोकलते." त्यांची खरी मुलगी, सुनंदा, मुक्ताईनगरला दिली होती. ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची आणि जाताना दरवेळी रडवेली होऊन म्हणायची, "आई, एकडाव माह्या घरी ये व." अक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि विषय शेवयांवर न्यायच्या.

त्या गावाबाहेर जातच नसत. शेत, घर आणि केळीच्या बगीच्यासमोरचा डांबरी रस्ता एवढी त्यांची हद्द. काहीही बिघडलं, मोडलं, दुखलं, की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "अठीच होईन." म्हणजे इथेच होईल, बाहेर न्यायचं कारण नाही. मोटर इथेच उघडायची, दागिना डागायला सोनार इथे यायचा, सुनंदाची दोन्ही बाळंतपणं इथे झाली. ट्रॅक्टरचा मिस्त्री फैजपूरहून सायकलवर यायचा आणि अक्का त्याच्या शेजारी उकिडव्या बसून प्रत्येक नटाची चौकशी करायच्या. मी एकदा थट्टेत म्हटलं, "अक्का, उद्या दिल्लीला काही काम निघालं तर?" त्या शांतपणे म्हणाल्या, "दिल्लीले सांगू, अठी ये."

पण एकदा शेंगा निवडता निवडता त्यांनीच कारण सांगितलं. "भाऊले जयगावले नेलं ना, तवा बसून गेले होते. खिडकीतून हात करत गेले. आले तवा निजून आले." एवढं बोलून त्यांनी सूप पाखडायला घेतलं. मी थट्टा करायची थांबले, कायमची.

आणि कुंकवाचंही असंच होतं. स्वतःच्या कपाळाला न लावणारी ही बाई सगळ्या जगाला कुंकू का फासत सुटते, हा गावात टिंगलीचा विषय होता. काही बायकांना तर ते खटकायचंही. मला अक्कांनी फडताळातला डबा उघडून दाखवला. शेवटच्या आखाजीला भाऊंनी मुक्ताईच्या देवळापासून आणलेलं कुंकू होतं, भला मोठा डबा, तोंडोतोंड. "येवढं भरेल पडलं आहे. फेकू का? मह्या कपायी नही तर मह्या घरातल्या वस्तूंच्या कपायी." यंत्रांसाठी त्या ते तेलात कालवत. पाण्यातलं कुंकू यंत्रावर टिकत नाही, असा त्यांचा शोध होता. आणि कुठलीही वस्तू ठेवताना कुंकवाची बाजू घराकडे ठेवायची. घरात येणाऱ्या लक्ष्मीची पावलं आपण आत येतानाच काढतो, बाहेर जातानाची नाही, तेव्हा घरात आलेल्याचं तोंड आत, हा त्यांचा नियम होता. माझी छत्रीही त्यांनी तशीच भिंतीकडे पाठ करून टांगली होती.

आता त्यांची सकाळची एक सवय सांगते, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. लहानी चालू केली की त्या समोर जाऊन उभ्या राहत आणि केळीचं वाळलेलं पान तिच्या जाळीवर धरून सोडून देत. आतला पंखा समोरून वारा ओढायचा आणि पान जाळीला पटकन चिकटायचं. "श्वास घेते," असं म्हणून त्या पान सोडवून घेत आणि मगच सीटवर चढत. पातळ घट्ट खोचलेलं, पायांत काही नाही, डोक्यावर पदर आणि पदरावर बागायती रुमाल. वळणावर त्या हात दाखवत नसत, नुसती मान वळवत. समोरच्याने समजून घ्यायचं.

अक्कांच्या धाकट्या दिरांना गाव वामननाना म्हणे, म्हणून अक्काही नानाच म्हणत. नानांचा मोठा ट्रॅक्टर होता, मोठी मिशी होती आणि मोठा आवाज होता. माणूस वाईट नव्हता, पण बाईने ट्रॅक्टर चालवायचा ही कल्पनाच त्यांच्या घशाखाली उतरत नसे. कुठेतरी उलटली, चाकाखाली आली तर मेलेल्या भावाला काय तोंड दाखवू, असं ते खरंच मनापासून म्हणत. भाऊ गेल्यापासून त्यांचा धोशा होता, की वहिनीने खेळणं विकून टाकावं आणि बगीचा निम्म्याने आपल्याकडे कसायला द्यावा. त्या वर्षी केळीची कापणी तोंडावर आली असताना त्यांनी हे अंगणात चार माणसांसमोर पुन्हा काढलं. अक्का चहा ओतत होत्या. किटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "नाना, या कापनीचा बठ्ठा माल मह्या लहानीनं सडकेवर नेला, तर हा विषय पुन्हा काढायचा नही. नही नेला, तर बगीचा तुमचा आन चाबीबी तुमची."

"पाय बरं वहिनी, चार लोकांत बोलली तू."

"चार लोकांसाठीच बोलली. च्या घ्या."

मला त्या रात्री झोप लागली नाही. बगीचा गेला तर अक्का दिवसभर करणार काय, हेच डोळ्यांसमोर येत होतं. त्या मात्र नेहमीसारख्या घोरत होत्या.

कापणी चार दिवसांवर आली आणि सुपडूभाऊने रुमाल धुतला.

सुपडूभाऊ हा अक्कांचा जुना सालदार. कामाला वाघ, पण विसरभोळा. धुतलेला रुमाल त्याने वाळायला टाकला तो बॉनेट उघडून इंजिनाच्या गरम नळीवर, आणि मग स्वतःच विसरून लहानी चालू केली. पंख्याने रुमाल आत ओढला, काडकन आवाज झाला आणि पंख्याची दोन पाती तुटून खाली पडली. मी कचेरीतून आले तेव्हा सुपडूभाऊ अंगणात डोक्याला हात लावून बसला होता आणि त्याच्या मांडीवर रुमालाच्या चिंध्या होत्या.

"अक्का, काय व्हयनं?" मी विचारलं.

"लहानीनं सुपडूचा रुमाल खाल्ला," अक्का म्हणाल्या. "पंखा मोडला. दुसरं काही नही." आवाज साधा होता, पण हातातलं तुटकं पातं त्यांनी बराच वेळ खाली ठेवलं नाही.

मिस्त्रीकडे माणूस पाठवला तर मिस्त्री मुलीच्या लग्नाला बऱ्हाणपूरला गेलेला. नाना लगोलग आले. आपल्या ट्रॅक्टरला दोर बांधून लहानीला जळगावला गॅरेजात ओढून नेतो म्हणाले. त्यांनी दोर बरोबर आणलाच होता. अक्कांनी दोराकडे पाहिलं आणि लहानीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"अठीच होईन."

"कोन करीन? तू?"

"मी, सुपडू आन हे धुयेवाली."

हे धुयेवालीला तेव्हाच कळलं. मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला घरी जाणार होते, तेव्हा परतीच्या वाटेवर जळगावात उतरून पंखा आणायचं काम माझ्यावर आलं. नमुन्याला तुटकं पातं दिलं, ट्रॅक्टरचा नंबर कागदावर लिहून दिला आणि दुकानात काय बोलायचं ते दोनदा वदवून घेतलं. पंखा मिळाला. दुकानदाराने तो वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधला आणि मी तो मांडीवर घेऊन एस. टी.त बसले. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "आंदन का?" मी म्हटलं, हो, लहान बहिणीचं. कंडक्टरने पुडकं वरच्या रॅकवर टाकायला सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही मला वर टाका, हे इथेच राहील. लोक हसले, पण भुसावळ, सावदा, फैजपूर, एकदाही मी ते मांडीवरून हलू दिलं नाही. एक पातं जरी गेलं असतं तरी अक्कांपुढे उभी राहण्याची माझी हिंमत नव्हती.

रविवारी सकाळी अंगण सारवून तयार होतं. सुपडूभाऊने तोटी सोडून रेडिएटरचं पाणी स्वच्छ पातेल्यात काढून घेतलं, रबरी नळ्या सोडवल्या, रेडिएटर उचलून गोधडीवर निजवला, पट्टा ढिला केला आणि चार बोल्ट काढून जुना पंखा बाहेर घेतला. इथपर्यंत सगळं एखाद्या मिस्त्रीने करावं तसं झालं. मग नवा पंखा आला, म्हणजे पाटावर बसला. अक्कांनी पुडकं सोडलं, पंखा पाटावर ठेवला आणि वर आलेल्या बाजूला मधोमध तेलातलं कुंकू असं सढळ हाताने लावलं की मधली चकती दिसेनाशी झाली. वर तांदूळ, वर फूल. सुपडूभाऊने पंखा हातात घेऊन विचारलं, "अक्का, कोन्ती बाजू कोनीकडे?"

जुना पंखा तोवर नळाखाली धुऊन भिंतीशी उभा केलेला होता. कोणती बाजू कुठे होती हे सुपडूभाऊच्या लक्षात नव्हतं आणि माझ्या तर नव्हतंच नव्हतं. पण अक्कांना विचार करावाच लागला नाही.

"कुंकवाचं तोंड आपल्याकडे. घरात आली ती घराकडे पाहीन ना?"

तसा तो बसला. कुंकू सीटकडे, म्हणजे इंजिनाकडे, आणि उघडी बाजू रेडिएटरकडे. बोल्ट आवळले, पट्टा ताणला, रेडिएटर जागेवर आला, नळ्या लागल्या, पाणी भरलं. लहानीच्या जाळीवर झेंडूचा भरगच्च हार चढला. अक्कांनी चाबी फिरवली आणि लहानी धडधडू लागली. पंखा दिसेनासा होऊन फिरायला लागला तेव्हा सुपडूभाऊच्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारपाजारचे टाळ्या वाजवत होते. मी तर शिऱ्याला रवा भाजायला पळाले. त्या सगळ्या आनंदात जाळीवर पान लावायचं राहून गेलं. खरं तर हारामुळे तिथे पानाला जागाच नव्हती.

दुपारी अक्का ट्रॉली जोडून बगीच्यात गेल्या, खताच्या गोण्या टाकायला. पाऊण तासाने त्या पायी परत आल्या. पाण्याच्या पाटाच्या चढावर लहानीने वाफ सोडली होती. रेडिएटरमधलं पाणी खळखळ उकळलं, झाकणाभोवतून फवारे उडाले, आणि हे सगळं कोणाच्या शेताच्या बांधासमोर व्हावं, तर नानांच्या. नाना हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी लहानी दोराने ओढून अंगणात आणून सोडली आणि जाताना हळूच म्हणाले, "वहिनी, उद्या सकायी मी मह्यी गाडी पाठवतो. माल तर निंघाला पाह्यजे."

अक्का ओट्यावर बसल्या. त्यांना असं रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हात मांडीवर उलटे पडलेले, नजर लहानीवर. सुपडूभाऊ खांबामागे उभा राहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "म्या रुमाल धुतलाच कायले." मला वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. शिऱ्याचं पातेलं तसंच झाकून ठेवलेलं होतं.

लहानी निवल्यावर अक्का उठल्या. कोमेजलेला हार त्यांनी जाळीवरून काढला, पाण्याची भर घातली, चाबी फिरवली आणि कोपऱ्यातलं वाळकं पान उचलून जाळीवर धरलं. सोडलं. पान क्षणभर तिथे रेंगाळलं आणि घसरून खाली पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं.

"सुपडू," अक्का म्हणाल्या, "ही श्वास घेत नही."

"पंखा तर फिरू राह्यला, अक्का."

"फिरते. पन घेत नही." त्यांनी लहानी बंद केली आणि धुतलेला जुना पंखा भिंतीपासून उचलून आणला. तो त्या कितीतरी वेळ हातात फिरवत राहिल्या. मग बोट ठेवलं. धुतला तरी एका बाजूच्या कडांना तेलकट काळं बसलेलं होतं, दुसऱ्या बाजूच्या बेचक्यांत मात्र नुसती केळीतली लाल माती होती. "तेल इंजिनाकडून उडते. माती समोरून येते. मंग मातीची बाजू समोर होती ना?" जुना पंखा त्यांनी तसा, मातीची बाजू पुढे करून, आतल्या पंख्याशेजारी धरला. दोघांची पाती एकमेकांच्या उलट वळलेली होती. हे माझ्यासारखीलाही दिसलं.

पुन्हा तोटी, पुन्हा नळ्या, पुन्हा रेडिएटर गोधडीवर. पण या वेळी सगळ्यांचे हात भराभर चालत होते. पंखा बाहेर आला तेव्हा अक्कांनी पदराने मधलं कुंकू पुसलं. तेलातलं ते, सहज निघेना. घासून घासून निघालं तशी खालची उठावाची अक्षरं दिसायला लागली.

"धुयेवाली, काय लिहेल आहे पाय."

इंग्रजी अक्षरं होती. मी वाचलं, "फ्रंट. म्हणजे पुढची बाजू, अक्का. ही बाजू समोर, बाहेर."

अक्का पंख्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि त्या अशा हसत सुटल्या की त्यांना ओट्याची कड धरावी लागली. "मी हिचं तोंड घरात केलं व! बिचारी गुदमरली! हिनं बाहेर पाह्याचं होतं आन मी हिले चुलीकडे तोंड करून बसवली!" सुपडूभाऊ हसायला लागला, मीही लागले. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात तर ग्रीसने भरलेले.

दिवेलागणीला पंखा नीट बसला. अक्कांनी लहानी चालू केली आणि पान जाळीवर धरलं. सोडायच्या आधीच ते त्यांच्या हातातून ओढलं गेलं आणि जाळीला सपाट चिकटलं. अक्कांनी कमरेवर हात ठेवले आणि मोठा सुस्कारा सोडला. मग मला म्हणाल्या, "शिरा आन." तो गार शिरा आम्ही तिघांनी ट्रॅक्टरच्या चाकाशी बसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. घड कापले जात होते, बायका ते डोक्यावरून ओळीच्या टोकाला आणत होत्या, आणि लहानी भरलेली ट्रॉली घेऊन बगीच्यातून डांबरी रस्त्यावर उभ्या ट्रकपर्यंत खेपा घालत होती. पाटाच्या चढावर प्रत्येक वेळी मी झाकणाभोवती वाफ दिसते का ते बघायचे. नाना सकाळपासूनच तिथे बांधावर उभे होते, त्यांचा ट्रॅक्टर मागे तयार. एका खेपेला त्यांना राहवेना. ते पुढे झाले आणि लहानीच्या बॉनेटजवळ तळहात धरून पाहिला.

"वहिनी, पानी नही उकयलं?"

"च्या पाह्यजे असीन तर घरी उकयते, नाना. सरका."

नाना सरकले. शेवटची ट्रॉली रस्त्याला लागली तेव्हा तेच पुढे धावले आणि मागून येणाऱ्या एस. टी.ला हात करून थांबवलं, वहिनीला वळायला जागा मिळावी म्हणून. अक्कांनी नेहमीप्रमाणे नुसती मान वळवली. ट्रक भरून निघून गेला आणि अक्का रिकाम्या ट्रॉलीसह परत आल्या, घामाने चिंब, तोंडभर धूळ. नाना म्हणाले, "मले वाटलं नव्हतं." अक्का म्हणाल्या, "मलेबी नव्हतं वाटलं." मग नानांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कितीतरी वर्षांची काळजी उतरावी तसा. मला तेव्हा त्या मोठ्या मिशीच्या माणसाचं कौतुक वाटलं. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. पुढे पोळ्याच्या सुमारास एका सकाळी ते बिघडलेला फवारणीचा पंप खांद्यावर घेऊन अंगणात येऊन उभे राहिले आणि खाली बघत विचारलं, "अठी होईन का?" अक्कांनी पाट सरकवला.

त्यानंतर अक्कांचं कुंकू थांबलं असं नाही. पण लावण्याआधी त्या वस्तू उलटसुलट करून बघू लागल्या, आणि अक्षरं दिसली की मला हाक मारून विचारत, "हिचं तोंड कोनीकडे लिहेल आहे?" कधी कधी काम संपल्यावरही त्या लहानीसमोर उगीच उभ्या असत, जाळीकडे बघत. एकदा मी विचारलं, काय बघता? म्हणाल्या, "काही नही. बाहेर तोंड केलं तवा श्वास घ्याले लागली, ते पाह्यते."

वर्षभराने माझी बदली धुळ्याला झाली. निघायच्या दिवशी मी सुपडूभाऊला बैलगाडी विचारायला गेले, तर अंगणात लहानी ट्रॉली जोडून उभी. माझी ट्रंक, वळकटी, ती छत्री, सगळं ट्रॉलीत चढलेलं आणि शेजारी सुपडूभाऊ बसलेला. मी म्हटलं, "रस्त्यापर्यंत सोडता का अक्का? तिथून एस. टी. मिळेल."

"बस गुपचूप."

डांबरी रस्ता आला. लहानी थांबली नाही. अक्कांनी मान वळवली आणि फैजपूरचा रस्ता धरला. मी ट्रॉलीत उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. बोलायची माझी छाती झाली नाही, न जाणो मी काही बोलायची आणि त्या परत फिरायच्या. फैजपूरच्या स्टँडवर लोक थांबून बघत होते. अक्का खाली उतरल्या आणि चाबी त्यांनी सुपडूभाऊच्या हातात नीट दिली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी वाकले, त्यांनी मला उठवलं.

माझी गाडी यायला वेळ होता. त्याआधी फलाटावर दुसरीच गाडी लागली. अक्कांनी ट्रॉलीतून एक पिशवी काढली. मी ती आधी पाहिली नव्हती. कोरी होती, तिच्यातून केळीची फणी डोकावत होती, आणि एका बाजूला तेलातल्या कुंकवाची बोटं.

"कुठे निघालात?"

"सुनंदीच्या घरी," त्या म्हणाल्या. "मुक्ताईनगर. पाहून येते, अठी काय होत नही ते."

 एवढा आनंद झाला होता की मी नुसती त्यांचा हात दाबत राहिले. त्या पायरीवर क्षणभर थांबल्या, दारातला दांडा घट्ट धरून, आणि चढल्या. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीशी होत्या, अगदी ताठ बसलेल्या. त्यांनी एकदा हात केला. पिशवी मांडीवर होती आणि तिची कुंकवाची बाजू खिडकीकडे, बाहेर.